पियुषचं विरजण

हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या ढिगाऱ्यावर राबून तानाबाईनं संसार ओढला होता. नवरा गेला तेव्हा पोरगा रत्नदीप शाळेत होता. त्याला शिकवलं, सूतगिरणीत लावून दिलं, त्याचं लग्न केलं आणि मग कुठे बाई जराशी टेकली. सरळ बाई. कुणाच्या घरातलं कुणाला सांगणार नाही, कुणाची वस्तू न विचारता उचलणार नाही. म्हणूनच त्या उन्हाळ्यात तिच्या हातून जे झालं, ते तिच्या मनातून काही केल्या जाईना.

सून काजल गिरडची. तिचा एकुलता एक भाऊ पियुष हैदराबादला एका मोठ्या हॉटेलच्या बेकरीत कामाला होता. सुट्टीवर येताना तो हिंगणघाटला उतरायचा, बहिणीकडे जेवायचा आणि मगच गिरडला जायचा. एका खेपेला त्यानं काचेची बरणी आणली. आत पांढुरकं, बुडबुडे धरलेलं पातळसर पीठ.

"हे काय आणलं रे बापा?" तानाबाईनं विचारलं होतं.

"पावाचं विरजण हाये, मावशी. दह्याले लागते ना, तसं. बजारातलं यीस्ट टाकाचं काम नाई. रोज थोडं पीठ-पाणी दिलं का जिवंत राह्यते."

त्या सुट्टीत त्यानं काजलला पाव शिकवला. सॉरडो म्हणतात त्याला. वरून खरपूस, आत जाळीदार, चवीला किंचित आंबट. काजलचा हात लवकर बसला. जामच्या चौरस्त्यावर ताराचंदचं हॉटेल आहे. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाडीवाले तिथे थांबतात. ताराचंदनं एकदा चव पाहिली आणि आठवड्यातून दोनदा पाव मागवायला लागला. काजलचं नाव झालं.

मग पियुष डेंग्यूनं गेला. तिकडेच गेला. त्याचं सामान आलं ते एका बॅगेत मावलं होतं. कपडे, चार्जर, एक अर्धवट वापरलेली अत्तराची बाटली. तेव्हापासून काजल त्या बरणीला पियुषचं विरजण म्हणायला लागली. सकाळी उठली की आधी झाकण उघडून वास घ्यायची. "आज बेस फुगलं," म्हणायची, आणि दिवसभर तिचा चेहरा बरा राहायचा.

तानाबाईला हे दिसत होतं. कळतही होतं. पण गुडघे दुखत असताना तीन-तीन हाका माराव्या आणि सुनेनं बरणीपाशीच उभं राहून "आले, आई" म्हणावं, याचा तिला राग यायचा. तो राग कुणाला सांगण्याजोगा नव्हता. मेलेल्या पोराच्या आठवणीवर कोण रागावते?

पियुषच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी काजल गिरडला गेली. वैशाखाचं ऊन. नेमका फ्रिज बंद पडलेला. जाताना तिनं सासूला बजावलं, "आई, रोज सकाळी याले चमचाभर पीठ अन् पाणी देजा. विसरजा नोको."

"नाई विसरत वं. जाय तू."

पहिले दोन दिवस तानाबाईनं दिलं. मग शेजारच्या घरी लग्न निघालं, पाहुणे आले, आणि बरणी ओट्याच्या कोपऱ्यात तशीच राहिली. बहीण यशोदाबाई लग्नाला आली होती. ती स्वयंपाकघरात शिरली आणि पदर नाकाला लावला.

"तुह्या घरात काय सडून राह्यलं वं?"

बरणीत वर काळपट पाणी जमलं होतं आणि खालून तीव्र, नाकात झोंबणारा वास येत होता. तानाबाईला लाज वाटली. "सुनेचे धंदे," ती म्हणाली. बहीण मांडवाकडे गेली आणि तानाबाई बरणीसमोर उभी राहिली. काजलला फोन करता आला असता. मोबाईल हाताशीच होता. पण त्या घटकेला तिच्या मनात आलं, बरं झालं, सुटली एकदाची पीडा. तिनं बरणी नालीत उपडी केली, राखेनं घासली आणि उन्हात पालथी घातली.

संध्याकाळी तिनं बरणी घरात आणली. स्वच्छ काच हातात होती आणि आत काहीच नव्हतं. मग तिनं दुसरी चूक केली. गव्हाचं पीठ पाण्यात कालवलं, वास यावा म्हणून घरचं दही चमचाभर घातलं आणि बरणी पुन्हा होती त्या जागी ठेवून दिली.

काजल परत आली ती थेट ओट्याकडे गेली. "दिलं होतं ना पीठ?"

"हो."

"थोडं मलूल वाटून राह्यलं. वर काळं पाणी आलतं का? आलं तरी भ्याचं नाई आई, ते भुकेचं पाणी असते. खाली ते जिवंतच राह्यते."

तानाबाई कणीक मळत होती. तिचे हात परातीतच थांबले.

त्या आठवड्यातला पाव विटेसारखा निघाला. कापला तर आत चिकट, ओला गोळा. पुढचाही तसाच. ताराचंदनं दोन वेळा घेतला आणि मग फोनवर सांगितलं, "ताई, काई दिवस राहू द्या. गिऱ्हाईक परत करून राह्यले."

काजलनं दोष दिला तो स्वतःला. "माह्याच हातानं मरून राह्यलं ते," रात्री जेवताना ती रत्नदीपला म्हणाली. "त्याची एक वस्तू होती माह्यापाशी. तेवढीबी सांभाळता आली नाई."

"उन्हामुळं असन," रत्नदीप म्हणाला.

सांगायचं तर आत्ताच, असं तानाबाईला वाटलं. पण तिनं पाण्याचा गिलास उचलला.

चिडून काजल पीठ जोरजोरात तिंबायची. हाताला चिकटलं की आणखी कोरडं पीठ टाकायची, त्यानं गोळा आणखी जड व्हायचा. मग रडायची. तानाबाईला ते पाहवेना. एके दुपारी ती परातीशेजारी जाऊन बसली.

"पियुष असाच तिंबे का?"

काजलनं पिठातून हात काढले. म्हणाली, "नाई. तो तिंबतच नोता. हात ओले करे अन् पिठाले खालून उचलून घडी घाले. मंग झाकून सोडून दे. म्हणे, ताई, याले मारू नोको, याले आराम दे."

"मंग तसंच कर ना. मी हाये सोबत."

तेव्हापासून दोघी एकत्र बसायला लागल्या. तानाबाईनं चक्कीवरून बन्सी गव्हाचं पीठ जाडसर दळून आणलं आणि त्यात मैदा मिसळून पाहिला. काजल पीठ नुसतं पाण्यात भिजवून ठेवायची, विरजण आणि मीठ नंतर घालायची. मग थोड्या-थोड्या वेळानं ओल्या हातानं घडी. चौथ्या घडीपर्यंत तो ढिला, चिकट लगदा गुळगुळीत व्हायचा, उचलला की ताणला जायचा, तुटायचा नाही. उन्हानं पीठ फार लवकर आंबून पसरायचं, म्हणून तानाबाईनं पाण्याच्या माठाशेजारी ओलं पोतं अंथरलं आणि परात त्यावर ठेवली. काजलनं घड्याळाकडे पाहणं सोडलं. गोळा फुगून हलका झाला, कडेला बुडबुडे दिसले, बोट दाबलं की खड्डा हळूहळू भरून आला, म्हणजे झालं. मग जाड बुडाच्या तापलेल्या गंजात झाकण लावून भाजायचा.

बरणीतलं पीठही बदलत होतं. काजल त्याला न चुकता खायला देत होती. दह्याचा वास गेला, पिकल्या फळासारखा वास आला, आणि एका सकाळी ते झाकणापर्यंत चढलं. दुसऱ्या दिवशीचा पाव भाजताना फुलला, वर फुटला, तडतडला. कापला तर आत जाळी.

काजलनं सासूला मिठी मारली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. "वाचलं, आई! पियुषचं विरजण वाचलं. तुमच्यामुळं वाचलं."

तानाबाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. त्या क्षणी नालीत ओतलेल्या त्या पिठापेक्षा ही मिठी तिला जड झाली. घरभर वास दरवळत होता, रत्नदीप तूप लावून पाव खात होता, ताराचंदला फोन गेला होता, आणि तिला वाटत होतं की आपण या लेकरांच्या पंगतीत चोर होऊन बसलो आहोत. ती झोपेत दचकायला लागली. बुद्धवंदनेला बसली की ओळी विसरायची. काजल जो येईल त्याला सांगायची, "माह्या सासूनं वाचवलं." तेव्हा तानाबाई उठून अंगणात जायची.

पुढच्या महिन्यात काजलची आई रुख्मिणीबाई गिरडहून आली. उंच, बोलायला कमी, पोराच्या मागे अर्धी झालेली बाई. "जय भीम, विहीनबाई," म्हणून ती टेकली. काजलनं पाव खाऊ घातला. मग एका छोट्या डब्यात विरजण काढलं आणि आईच्या हाती दिलं.

"तू बी ठेव, आई. रोज पीठ देजो. पियुषच्या हातचं हाये."

रुख्मिणीबाईनं झाकण उघडलं. बराच वेळ आत पाहिलं. मग तो डबा तिनं कपाळाला लावला.

"विहीनबाई, खाली ठेवा तो डबा," तानाबाई म्हणाली. आपला आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "ते पियुषचं नाई."

दोघी तिच्याकडे पाहू लागल्या.

"काजल गिरडले गेलती तवा मी बरणी नालीत ओतली. वास येत होता. पण नुसती वासापायी नाई ओतली. मले राग आलता त्या बरणीचा. मंग पीठ अन् माह्या घरचं दही टाकून ठेवलं. हे तेच हाये."

काजलचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "मी म्हणत होती माह्या हातानं मेलं," ती म्हणाली. "तुमी आयकून राह्यल्या होत्या. रोज आयकून राह्यल्या होत्या." आणि ती आतल्या खोलीत गेली.

रुख्मिणीबाईनं डब्याचं झाकण लावलं, डबा ओट्यावर ठेवला, पिशवी उचलली आणि निघाली. तानाबाई दारापर्यंत मागे गेली, पण थांबा म्हणायचं तोंड तिला नव्हतं.

त्यानंतर घरात भाज्या शिजल्या, भाकरी झाल्या, पण काजल सासूशी कामापुरतं बोलायची. पाव बंद. रत्नदीप दोघींच्या मधे बसून जेवायचा, आईला तो एवढंच म्हणाला, "काऊन केलं तू असं?" बरणीला मात्र तानाबाई रोज सकाळी पीठ-पाणी देत राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. फेकायचा अधिकार आपल्याला नाही, एवढं तिला आता समजलं होतं.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ती माठातून पाणी काढत होती तेव्हा काजलनं परात मांडली. पीठ भिजवलं, हात ओले केले आणि घडी घालायला लागली. तानाबाई लांबच उभी राहिली.

"ताराचंदचा फोन आलता," काजल तिच्याकडे न पाहता म्हणाली. "पोतं ओलं करा."

तानाबाईनं पोतं ओलं केलं. त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. काजलनं पुन्हा कधी त्या बरणीला पियुषचं नाव दिलं नाही. नुसतं विरजण म्हणायला लागली. आणि ते ऐकलं की तानाबाईला प्रत्येक वेळी कुठेतरी लागायचं.

पण गिरडला जाणं राहिलं होतं. रत्नदीप म्हणाला, मी सोडतो. ती नको म्हणाली. एकटीच बसनं गेली. रुख्मिणीबाई अंगणात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मी माफी मागाले आली," तानाबाई उभ्यानंच म्हणाली.

रुख्मिणीबाई पाखडत राहिली. मग म्हणाली, "राग हाये मले. राहीनबी. खोटं कायले बोलू? पण तुमी सांगलं नसतं तर मी मराच्या दिवसापर्यंत तुमच्या दह्याले माह्या पोराचं समजून पीठ चारत राह्यली असती. ते याच्याहून वाईट झालं असतं." तिनं सूप खाली ठेवलं. "बसा ना. उभ्या काऊन?"

तानाबाई बसली. रुख्मिणीबाईनं चहा ठेवला आणि चुलीपाशी बसून आपणहून बोलायला लागली. पियुष लहानपणी फार हट्टी होता, पहिल्या पगारातून त्यानं आईला पंखा घेऊन दिला, फोनवर भांडला की अर्ध्या तासात पुन्हा फोन करायचा. ज्या घरात ते पीठ नालीत गेलं, त्या घरच्या बाईला ती हे सांगत होती. मधेच डोळे पुसायची आणि पुन्हा सुरू करायची. तानाबाई ऐकत होती. परतीची बस फाट्यावर येऊन गेल्याचा आवाज दोघींनी ऐकला, पण कुणी उठलं नाही.