आरती थांबली तेव्हा

तिच्या आणि आमच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या वसाहतीत सगळी घरं अशीच, एकाला एक चिकटून. ती कृष्णवर्णीय, माझ्याहून थोडी मोठी, एका वृद्धाश्रमात नर्स. आमच्या कुकरच्या शिट्ट्यांपासून भांडणांपर्यंत सगळं तिला भिंतीतून कळायचं. "काल कोण जिंकलं?" असं ती माझ्या बायकोला अंगणात खुशाल विचारायची. आमचा गणपती दीड दिवसाचा. दरवर्षी ती यायची, आरतीला टाळ्या वाजवायची आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी मोदक मागून न्यायची.

त्या वर्षी गणपती शनिवारी आला. संध्याकाळची आरती आम्ही साडेसातला सुरू केली. वसाहतीचा आवाजाचा नियम रात्री दहानंतरचा आहे. असे नियम मी आधी वाचून ठेवतो. मी ऑडिटमध्ये आहे आणि घरातही तसाच वागतो असं बायको म्हणते. हॉल माणसांनी भरला होता, म्हणून ती दाराबाहेर, पायऱ्यांवरच्या ओट्यावर कठड्याच्या आत उभी होती. झांज काकांच्या हातात होती. हे काका आमच्या मंडळींत सगळ्यांत ज्येष्ठ, निवृत्त डॉक्टर. झांज ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

कुणीतरी तक्रार केली होती. एक पोलीस पायऱ्यांशी येऊन उभा राहिला. मी हातात तबक घेऊन उभा होतो, तिथून उघड्या दारातून तो दिसत होता. ती त्याला सगळ्यांत जवळ होती, म्हणून तीच त्याच्याशी बोलायला लागली. झांजेत त्याला ऐकू येईना. त्यानं कानाकडे हात नेला. ती आणखी मोठ्यानं बोलली आणि हात वर करून आमच्या घराकडे दाखवू लागली.

तेवढ्यात काकांना युनिफॉर्म दिसला. या देशात त्यांनी एक नियम आयुष्यभर पाळला आहे: पोलीस दिसला की हातातलं काम थांबवायचं, हात जोडायचे आणि येस सर म्हणायचं. "थांबा, थांबा, पोलीस आलाय!" झांज थांबली. आरती कडव्याच्या मध्येच थांबली. आमच्या घरात आरती अशी अर्धवट कधीच थांबली नव्हती.

त्या शांततेत तिचा एकटीचा आवाज उरला. "फक्त पाच मिनिटं, सांगतेय ना! प्रार्थना आहे ती!" झांजेवर चढवलेला तो आवाज इतका मोठा पडला की ती स्वतःच दचकली. पोलीस एक पाऊल मागे सरला आणि त्याचा हात कमरेशी गेला.

"आवाज खाली. मागे हो."

"मी मागेच उभी आहे."

यानंतरचं फार पटकन झालं. तिचा हात पिरगळला गेला, बेड्या पडल्या. मी तबक घेऊन तसाच बाहेर धावलो.

"ऑफिसर, आवाज आमचा होता. तक्रार आमच्याबद्दल आहे."

"सर, तुम्ही आत थांबा. तुमचं काही नाही," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "तुम्हाला सणाच्या शुभेच्छा."

पोलिसाची गाडी तिला घेऊन गेल्यावर घरात कुणी प्रसादाला हात लावेना. शेवटी काका म्हणाले, "तिनं मध्ये पडायचं कशाला? या बायकांचा आवाजच तसा. लगेच अंगावर येतात."

"काका," बायको म्हणाली, "झांज कुणाच्या हातात होती?"

"अगं, मी आपलं एक सांगितलं."

"सीरियसली, आजोबा?" म्हणून मुलगी वर निघून गेली.

शेजारणीवर दोन आरोप लागले: शांतताभंग आणि पोलिसाच्या कामात अडथळा. वृद्धाश्रमानं तिला कळवलं की निकाल लागेपर्यंत कामावर येऊ नकोस, आणि दोषी ठरलीस तर येऊच नकोस. तिच्या वकिलाला मी साक्षीदार म्हणून हवा होतो. "तुम्ही फक्त खरं सांगा," तो म्हणाला. ते काम मला जमण्यासारखं होतं.

मी तयारीही केली. एका दुपारी काकांकडून झांज मागून आणली, मुलीला ती हॉलमध्ये वाजवायला लावली, दार उघडं ठेवलं आणि त्या संध्याकाळी शेजारीण जिथे उभी होती तिथे उभं राहून फोनवर आवाज मोजला. झांजेच्या वर ऐकू जायचं तर माणसाला ओरडावंच लागतं, हे आकड्यांत दिसत होतं. कोर्टात मी ते सांगायला लागलो तसा सरकारी वकील उठला. फोनवरचं मोजमाप, आणि तेही तज्ज्ञानं केलेलं नाही. न्यायाधीशांनी ते बाजूला ठेवलं.

पोलिसाची साक्ष माझ्याआधी झाली होती. कुटुंब सहकार्य करणारं होतं, तो म्हणाला. बाई आक्रमक होती, त्याला धोका वाटला. तो तिच्याहून हातभर उंच होता. त्याच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. त्यात आमची झांज कुठेतरी मागे, भांड्याला भांडं लागल्यासारखी वाजत होती आणि तिचा आवाज मात्र अगदी जवळ होता. मग सगळं शांत, आणि ती ओरडली. ते पाहताना माझ्याही अंगावर क्षणभर काटा आला. मी तिथे होतो, तरी आला.

सरकारी वकिलानं मला विचारलं, "त्या मोठ्यानं बोलत होत्या?"

"हो, कारण..."

"हो की नाही?"

"हो."

"हात वर केला?"

"घराकडे दाखवायला."

"वर केला का?"

"केला."

"तुम्हाला आतून त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता?"

झांज चालू होती तोवर येत नव्हता. मी नाही म्हणालो. तिच्या वकिलानं पुन्हा उठून विचारलं की त्या धमकावत होत्या का. मी ठामपणे नाही म्हणालो. सरकारी वकील बसल्या जागेवरून म्हणाला, "ऐकू येत नव्हतं, तर कसं कळलं?" माझं एकेक उत्तर खरं होतं. एकत्र केल्यावर जे चित्र तयार झालं, ते मी पाहिलेलं नव्हतं.

न्यायाधीशांनी अडथळ्याचा आरोप काढून टाकला. शांतताभंगाचा ठेवला. निकालात ते म्हणाले की बचावाच्या साक्षीदारानंही मोठा आवाज आणि उचललेला हात मान्य केला आहे, आणि साक्षीदार प्रामाणिक वाटतो. मग माझ्याकडे पाहून त्यांनी माझे आभार मानले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी तिला गाठलं. "मी आणखी काही बोलायला हवं होतं," मी म्हणालो.

"खोटं बोलला असतास तर तुला पकडलं असतं," ती म्हणाली. "मला सोडलं नसतं." हे ती इतकं हळू बोलली की मला वाकून ऐकावं लागलं.

तिची नोकरी गेली. अपील करायचं का, असं मी एकदा विचारलं. तिनं मान हलवली आणि बायकोकडे वळून आमच्या मुलीच्या कॉलेजची चौकशी केली.

पुढच्या वर्षी आम्ही खिडक्या लावून घेतल्या. काकांनी झांज आणलीच नाही. आरती नुसत्या टाळ्यांवर झाली, तीही बेताच्या. मी आमंत्रण दिलं होतं, पण ती आली नाही. मोदकांचा डबा घेऊन मीच तिच्या दाराशी गेलो. तिनं दार उघडलं, डबा घेतला आणि काहीतरी म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

ती पुन्हा तेवढ्याच हळू आवाजात बोलली. आम्ही दोघं दारात, मध्ये हातभर अंतर, रस्त्यावर एक गाडीसुद्धा नव्हती. तरी मला ऐकू आलं नाही. आणखी मोठ्यानं बोल, असं तिला सांगायला माझी जीभ रेटेना. मी मान डोलावली आणि घरी आलो.