ओठांवरचं बोलणं

उधन्याच्या लूम कारखान्यात, कापडाच्या मागांवर, सुपडूची हयात गेली. तिथल्या खडखडाटात कान असून नसल्यासारखे. म्हणून कारागीर नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ते वाचतो. बापाचा डबा पोचवता पोचवता योगिताही लहानपणीच ते शिकली होती.

थोरला गोपाल लष्करात होता. बर्फाच्या कड्याखाली गाडला गेला, त्याच्या आदल्या दिवशी त्याचा व्हिडिओ कॉल आला होता. घरातले सगळे फोनभोवती जमले. चेहरा दिसत होता, आवाज नव्हता. "मेलं नेटवर्क!" म्हणून आई चरफडली. सुपडूने मात्र ओठ वाचले : "आबा, योगीला फौजेत पाठवू नका."

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. सांगावं तर फौजेचं स्वप्न बघणाऱ्या पोरीच्या पायात बेडी, न सांगावं तर गोपालचा जीव अडकलेला. मागासमोर उभं राहिलं की ताण्याच्या धाग्यांआड तेच ओठ हलायचे.

बारावी झाल्यावर योगिता म्हणाली, "डोंगर नको आबा, मी नौदल घेते." आणि भरती झालीसुद्धा. सुपडू रोज तोंड उघडायचा, रोज मिटायचा.

उधना स्टेशनात गाडी हलली तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. डब्याच्या बंद काचेतून योगिता बघत होती. आवाज न काढता तो बोलून गेला, "भाऊ नको म्हणाला होता गं."

काचेमागे तिचे ओठ सावकाश हलले.

"माहितीये आबा. त्या दिवशी मीपण वाचलं होतं."