आधी जावेचं

माझ्या जावेबद्दल कुणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं. हे मी लपवत नाही, आणि लपवायला जमलंही नसतं. माझा चेहराच असा आहे की आतलं सगळं वर दिसतं. गल्लीला हे पक्कं ठाऊक आहे. बायका मुद्दाम माझ्या दारात थांबून म्हणतात, "थोरलीकडचं पीठ काय बारीक येतं हो!" आणि माझ्या तोंडाकडं बघत राहतात. मी म्हणते, "येऊ दे की. मला काय त्याचं?" पण सुई बोटात घुसायची ती घुसतेच.

आम्ही सांगलीत नदीकडच्या पेठेत राहतो. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मधे भिंत घातली. पलीकडं थोरल्या जावेची पिठाची गिरणी, अलीकडं माझं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान. मला दुकान आणि मागच्या खोल्या, तिला गिरणी आणि वरची माडी. थोरलीला मान, म्हणून माडी. पुढं थोरले दीर वारले, तिनं एकटीनं गिरणी चालवली, कुणापुढं हात पसरला नाही. चांगलंच आहे. पण दिवेलागणीला ती माडीच्या खिडकीत वाऱ्याला बसायची आणि मी खाली डास मारत बसायची, तेव्हा मला त्या वाटण्या करणाऱ्या पंचांची फार आठवण यायची.

माझे मालक फौजेत. घरी असतात ते रजेपुरते. त्यामुळं ते पिकोचं मशीन हाच माझा खरा आधार. त्याच्यावर घर चालतं आणि त्याच्यावरच माझी मान ताठ राहते. गिरणीसमोर रांग लागते, तशी लग्नसराईत माझ्याकडंही लागते. त्या दिवसांत मी मुद्दाम दार सताड उघडं ठेवते.

माहेर माझं माणातलं, दहिवडीकडचं. तिकडं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. लग्न होऊन आले तेव्हा एवढी पाण्यानं भरलेली नदी बघून मी हरखले होते. जाऊ हसून म्हणाली होती, "बग बग, पोटभर बग. कवातरी हीच घरात यील." तेव्हा वाटलं होतं, दुष्काळातली म्हणून मला हिणवतेय.

आणि नदी आलीच. त्या पहिल्या मोठ्या पुरात आम्ही सगळे गाफील राहिलो. आमच्या पेठेत पाणी उंबऱ्याच्या वर येत नाही, असं म्हातारीकोतारी सांगत होती. आम्ही त्यांच्या भरवशावर मशीन पाटावर ठेवलं आणि शाळेतल्या छावणीत गेलो. पाटावर! परत आलो तेव्हा पाट खिडकीच्या गजांत अडकला होता आणि मशीन चिखलात पालथं पडलं होतं. पलीकडं गिरणीत गहू-ज्वारी फुगून सडलेली. त्या वासानं गल्लीत उभं राहवेना. मदत पुष्कळ येत होती, खोटं कशाला बोलू. कुठून कुठून गाड्या येत होत्या, बिस्किटं, चादरी, औषधं. पण बिस्किटानं चिखल निघत नाही. आणि मशीनमधला चिखल वाळला, गंज धरला, की संपलं. मला घाई होती ती तेवढ्यासाठीच.

तेवढ्यात दादा आला. माझा थोरला भाऊ. गावातली माणसं, भाकरीच्या चवडी, चटणी, डाळिंबाच्या बागेला औषध मारायचा मोठा पंप, आणि मागं पाण्याचा टँकर. आमच्या गावाला उन्हाळ्यात ज्याची वाट बघत बायका घागरी मांडून बसतात, तसलाच टँकर सांगलीला पाणी घेऊन आला होता! मला रडूच आलं. म्हटलं, बघा गल्लीकरांनो, याला म्हणतात माहेर. मी पदर खोचून मशीनजवळ उभी राहिले. आता दादा पाइप घेऊन येणार.

दादा पाइप घेऊन आला आणि माझ्या दारावरनं सरळ पुढं गेला.

"आवं अक्का," जावेला म्हणाला, "सरा बाजूला. पयलं तुमचं घिऊया."

आमच्याकडं रीतच आहे तशी. लेकीच्या सासरी काही घेऊन गेलं की आधी सासरच्यांचं. साडी नेली तर पहिली जावेच्या हातात, मग लेकीच्या. नाहीतर लोक म्हणतात, आपल्याच लेकीचं बघायला आलेत. साडीचं एक वेळ मी समजू शकते. पण चिखलाचंसुद्धा? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलता मात्र येईना, कारण माहेरवाशिणीनं "आधी माझं" म्हणायचं नसतं, हीही रीतच. मी दाराला टेकून बघत राहिले. माझा सख्खा भाऊ, माझ्या गावची माणसं, माझ्या गावचं पाणी, आणि धुतली जातेय तिची गिरणी. जातं धुतलं, पट्टे धुतले, मोटर उघडून स्वच्छ करून उन्हात ठेवली. दादा तर भिंतीसुद्धा घासत होता. घरी कधी स्वतःचं ताट उचललं नाही या माणसानं!

त्यात नेमकी राखी पौर्णिमा. जावेला भाऊ नाही. माहेर शिराळ्याकडं, तिथंही आता कुणी उरलेलं नाही. दुपारी भाकरी खाताना ती माझ्याकडं आली, म्हणाली, "तुज्याकडं एकांदं कोरडं रीळ हाय का गं?" वरच्या फळीवर एक लाल रीळ वाचलं होतं, ते दिलं. तिनं त्या दोऱ्याचा पीळ घातला आणि दादाच्या मनगटावर बांधला. माझ्याच दोऱ्याची राखी, माझ्याच भावाला, माझ्याआधी! थोरली ना ती. मी मागनं बांधली. दादा दोन्ही राख्या मिरवत फिरत होता.

माझ्या दुकानाची पाळी येईतो टँकर रिकामा झाला होता. डबक्यातल्या पाण्यानं फरशी तेवढी धुतली. मशीन उघडायला सवड कुणालाच नव्हती, गाडीला परत जायचं होतं. निघताना मी दादाला कोपऱ्यात गाठलं आणि सगळं ओकले. "भाऊ हायस का वैरी? माजं मशीन मरतंय आन तू तिच्या भित्ती घासतोस?"

तो चिडला नाही. म्हणाला, "येडे, आमी आज हाय, सांच्याला न्हाई. तुला काय झालं तर मला माणातनं यायला अर्दा दिस लागतोय. तिला भित्तीपलीकडनं यायला किती लागतोय? मग पयलं कुनाचं करायचं, सांग."

मला पटलं नाही. मशीन गेलं होतं माझं. मेकॅनिकनं उघडलं आणि मान हलवली. गणपतीला तिची गिरणी घरघरायला लागली, अख्ख्या पेठेत तेवढी एकच चालू, आणि रांग कुठपर्यंत तर माझ्या बंद दारापर्यंत. लोक माझ्याच पायरीवर डबे ठेवून उभे राहायचे. सरकारी मदत आली ती दोघींना सारखीच. तिची गिरणी चालू, माझं दुकान बंद, आणि मदत सारखीच! न्याय म्हणतात याला? त्या वर्षी मी हातानं फॉल लावले. गिऱ्हाइकं दुसरीकडं वळली, ती परत यायला फार दिवस गेले. मालकांनी रजेवर आल्यावर दुसरं मशीन घेऊन दिलं तेव्हा कुठं मी पुन्हा दार सताड उघडलं.

पुढं काही वर्षांनी, पावसाळ्यातच, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मी दुकानाला कुलूप घालून माहेरी निघाले. जाऊ गिरणीच्या दारात होती. "किल्ली ठिवून जा की गं. दिस पावसाचं हाईत."

"ऱ्हाऊ द्या अक्का, तुमाला कशाला तरास," म्हटलं आणि किल्ली कनवटीला लावली. खरं सांगायचं तर कुणाकुणाच्या साड्या माझ्याकडं येतात हे मला तिला दाखवायचं नव्हतं.

मी तिकडं आणि इकडं धरणातनं पाणी सुटलं. माणात भुरभुर पाऊस, आणि टीव्हीवर आमची सांगली बुडताना दिसतेय. जावेचा फोन लागेना. रस्ते बंद. मी आईच्या उशाशी बसून मशीनला मनातल्या मनात निरोप दिला. पाणी ओसरल्याचं कळताच दादानं गाडी काढली, पंप आणि पाण्याची टाकी चढवली, आणि आम्ही आलो.

दुकानाचा कोयंडा उपटलेला. दार उघडं. आत चिखल, आणि मशीन नाही! नुसता लोखंडी स्टँड उभा. मी गल्लीत येऊन तोंड सोडलं. "कुणी फोडलं माजं दुकान? पुरातबी चोऱ्या करताय? मुडदा बशिवला तुमचा!"

वरनं आवाज आला. "वरडू नगंस. मी फोडलं. वर ये."

वाटण्या झाल्यापासून मी त्या माडीवर चढले नव्हते. गेले. तिच्या बाजेवर, तिच्या माहेरच्या वाकळेत गुंडाळून, माझं मशीन झोपवलेलं होतं. उशाला रिळांचा डबा. खुंटीला गाठोडं बांधून गिऱ्हाइकांच्या साड्या, एकीलाही थेंब लागलेला नाही. ती स्वतः जमिनीवर चटईवर झोपत असावी, चटई तिथंच पसरलेली होती.

मी खाली गिरणीत डोकावले. तिची मोटर चिखलात गाडलेली. म्हटलं, "अक्का, मोटर?"

"जड हुती," एवढंच बोलली.

समोरच्या पानवाल्यानं नंतर सांगितलं. गणपती मंडळाची माणसं गुडघाभर पाण्यातनं आली होती. म्हणाली, अक्का, पाणी वाढतंय, एकच खेप होईल, काय वर न्यायचं ते दाखवा. माणसं खरं तर मोटर उचलायलाच आली होती. तर हिनं माझं कुलूप दाखवलं आणि म्हणाली, "ते फोडा. तिचं मागल्या टायमाला ऱ्हायलं हुतं."

हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं, पण मागनं. आधी काय आलं सांगू? आधी जळफळाट आला. माडी तिची, गिरणी तिची, रांग तिची, माझ्या भावावर पहिला हक्क तिचा, आणि आता हेही तिचंच! माझ्या हातनं असलं काही का घडू नये कधी? मला किल्लीसुद्धा देववली नव्हती.

दादा पाइप ओढत मागच्यासारखाच आधी गिरणीकडं निघाला. जाऊ उंबऱ्यात आडवी उभी. "न्हाई दादा, औंदा पयलं हिचं."

"अक्का, सरका," मी म्हटलं आणि दादाच्या हातातला पाइप ओढून घेतला. "माजं काय धुयाचं ऱ्हायलंय? माजं मशीन तर तुमच्या बाजंवर लोळतंय." आणि पहिलं पाणी मी मारलं, तिच्या मोटरीवर. चिखल निघाला. मोटर मात्र वाचली नाही, फार काळ पाण्यात होती.

त्या गणपतीला गिरणी बंद होती आणि माझं मशीन चालू होतं. हेच मला कितीतरी वर्षं हवं होतं. पाच मिनिटंसुद्धा गोड लागलं नाही. बंद गिरणीच्या पायरीवर ती नुसती बसलेली बघवेना, म्हणून तिला माझ्या दुकानात बोलावलं, शेजारी बसवलं आणि हातात सुई दिली. मशीनवर पिको मी करते, फॉलची हातशिलाई ती करते, निम्मं निम्मं.

दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक आली. साडी उलटी करून फॉल बघितला, बोट फिरवलं आणि म्हणाली, "थोरलीचा हात काय साफ आहे हो! टाका दिसतसुद्धा नाही."

पोटात दुखलं. मी मशीन थांबवलं, पुढच्या गिऱ्हाइकाच्या साडीची घडी उलगडली आणि फॉल लावायला ती आधी जावेकडं सरकवली.