सीटवरून उठवलं तेव्हा

"ए अमरावती, ऊठ तिथून. सीट खराब होईल."

इथं आम्हांला जिल्ह्यानं हाक मारतात. बीड, लातूर, अमरावती. नाव फक्त गेटपासवर.

खंडेनवमी होती. चाकणच्या आमच्या कारखान्यात नव्या गाडीची पूजा झालेली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. एक मॅडम कॅमेरा घेऊन आलेल्या. कांद्याच्या बाजाराचं गाव गाड्यांचं शहर कसं झालं, त्याची फिल्म करत होत्या. त्याच म्हणाल्या, "सीटकव्हर तुम्ही शिवता ना? बसा आत, फोटो काढू." म्हणून बसले. तीन वर्षं शिवत होते, बसले पहिल्यांदा. पाठ टेकायच्या आत आमच्या लाइनच्या साहेबांचा तो आवाज. मागून कुणीतरी, "बैलगाडी समजली काय?" लाइन हसली. मी उठले. वर सॉरी म्हटलं. साहेबांनी फडकं दिलं. बसलेली जागा मीच पुसली.

मी उपकार विसरणारी नाही. दर्यापूरला नववीत शाळा सुटली. मशीनवर बसवलं ते याच साहेबांनी. दर सात महिन्यांनी कॉन्ट्रॅक्ट तुटतं, पुन्हा घ्यायचं की नाही ते तेच ठरवतात. माझं त्याच आठवड्यात संपत होतं.

दुपारी मॅडमनी मुलाखत मागितली, संमतीच्या कागदावर सही घेतली. साहेबांनी दुसरा कागद दिला. "एवढंच वाच. आणि ते मले-तुले नको."

कॅमेरा सुरू झाला. मी वाचलं, "या शहरानं मला मान..." पुढे जाववेना. परत वाचलं. परत तिथंच अडले.

कागद खाली ठेवला.

"मॅडम, हे मी नाही लिवलं. सीट मी शिवली. सकाळी मले तिच्यावरून उठवलं, अन् माह्याच हातानं पुसाले लावली. इतिहास लिवून राहिल्या तं हे बी लिवा."

"हे कापा," साहेब म्हणाले.

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "कंपनीची परवानगी लागते हो."

"मंग समदंच कापा. माहा चेहरा बी. सही वापस द्या."

त्यांनी कागद दिला. मी तिथंच फाडला.

संध्याकाळी आईला फोन केला. "काहून बोलली वो?" ती म्हणाली. "नव्या कॉन्ट्रॅक्टवर सही होईपर्यंत दम धरला असता."

धरला असता. भीती अजून गेलेली नाही. काम साहेबांनी शिकवलं, हे मी कुणालाही सांगेन. पण काम शिकवणाऱ्याला माझी जीभ दिलेली नाही. दसऱ्याची सुट्टी संपली की पहिल्या पाळीला जाणार. पुन्हा घेतलं तर शिवीन. नाही घेतलं तर का नाही, हे त्यांच्या तोंडून, सगळ्या लाइनसमोर ऐकल्याशिवाय गेटबाहेर पडणार नाही.