हे आले की वाजतं

"आधी डोकं धुऊन या."

आमच्या केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला काकूंचं पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळायचं. एकदा त्यांनी नुसतं कुतूहलाने यंत्र लावून बघायला आलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनाही असंच परत पाठवलं होतं, आणि ते बिचारे मुकाट्याने घरी जाऊन न्हाऊन आले. काकूंचाही इलाज नव्हता. डोक्याला तेल असलं की हेडसेटच्या सेन्सरला मेंदूच्या लहरी नीट पकडता येत नाहीत. आणि आपल्याकडच्या आया तर पोराचं डोकं शांत राहावं म्हणून नेमकं खोबरेल थापूनच आणतात.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं केंद्र आहे. ज्या मुलांचं लक्ष ठरत नाही त्यांना हेडसेट घालून बसवायचं. मन स्थिर झालं की घंटा वाजते, आणि ती वाजवता वाजवता मूल स्थिर व्हायला शिकतं. काकू तिथे मदतनीस होत्या. कपाळावर काही लावत नसत. "माझं कपाळ सेन्सरला सोयीचं आहे," असं त्या स्वतःच म्हणायच्या, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

त्यांचे यजमान गेले ते भर दुपारी, घरी एकटे असताना. काकू तेव्हा इथेच एका मुलीला हेडसेट लावत होत्या आणि फोन पर्समध्ये आवाज बंद करून ठेवला होता. शेवटचं बोलणं राहिलं ते राहिलंच. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. रजाही फार घेतली नाही.

आमचं मोठं यंत्र वायरींचं, जागेवरून न हलणारं. सायखेड्याची एक बाई मुलीला घेऊन यायची. ती एकदा मला म्हणाली, "मॅडम, घरी नेता येईल असं बारकं मशीन नाय का? सारखं यायचं म्हणजे मजुरी लय बुडती." म्हणून आम्ही स्वस्तातले, बिनवायरचे हेडसेट मागवून पाहायचं ठरवलं.

परीक्षक अर्थातच काकू. परीक्षेची रीतही त्यांचीच. बाजारातून एक लाल भोपळा आणायचा, त्याला मिठाच्या पाण्याचा हात लावायचा आणि हेडसेट चढवायचा. घंटा वाजली नाही तर यंत्र पास. वाजली तर यंत्राला भोपळा. तुम्ही हसाल, पण भोपळ्याचं मन शांत झाल्याची ग्वाही देणारी यंत्रं आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत.

मग एक पांढरा हेडसेट आला. सगळ्यांत स्वस्त, वजनाला हलका. काकूंनी तो का कोण जाणे आधी स्वतःच्या डोक्यावर चढवला. पुढे रोज दुपारी आतल्या खोलीत पंखा लावून तो घालून बसायला लागल्या. कसा आहे म्हणून मी विचारलं.

"चांगला आहे. हे आले की वाजतं."

मला वाटलं, सिग्नल आले की. मी विचारलं, रेंज किती आहे?

"समोरच्या खुर्चीपर्यंत येतात," काकू म्हणाल्या. "बसतात थोडा वेळ."

दुसऱ्या दिवशी मी दार किलकिलं करून पाहिलं. काकूंनी एक रिकामी खुर्ची समोर ओढून घेतली होती. त्यांचे ओठ हलत होते. घंटा वाजत होती, थांबत होती, पुन्हा वाजत होती. यजमान गेल्यापासून इतका निवांत चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. मी दार लावून घेतलं. खरं सांगते, मला त्या घंटेची भीती वाटत होती आणि ती बंद पडू नये असंही वाटत होतं.

भोपळ्याचं विचारलं की काकू म्हणायच्या, चांगला मिळाला नाही. बाजारात तेव्हा भोपळ्यांचे ढीग लागलेले होते. मीही ताणून धरलं नाही.

सायखेड्याच्या बाईला परवडण्यासारखा तो एकच होता. ती काकूंना म्हणाली, "तुम्ही हो म्हनलात की नेते मी. तुमच्या शब्दावर हाय सगळं."

दुसऱ्या दिवशी काकू पिशवीत भोपळा घेऊन आल्या.

आतल्या खोलीत पंखा चालू होता. काकूंनी भोपळ्याला मिठाच्या पाण्याचा हात लावला, हेडसेट चढवला आणि आम्ही दोघी बसून राहिलो. घंटा वाजली. थांबली, पुन्हा वाजली. काकू बराच वेळ भोपळ्याकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "मॅडम, हे भोपळ्यावर कशाला येतील?"

त्यांनी उठून पंखा बंद केला, तशी घंटाही गप्प झाली. त्या स्वस्त यंत्राला पंख्याची विजेची घरघर आणि माणसाचं शांत मन सारखंच वाटत होतं.

"नापास," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, मुलांना नको देऊ या, पण तुम्ही तुमच्याजवळ ठेवा. त्यांनी मान हलवली. "नको. आता मी पंख्याकडेच बघत बसेन."

पुढे थोडा महागाचा, पण प्रामाणिक हेडसेट मिळाला. केंद्राने तो घेतला आणि आता तो पाळीपाळीने घरोघर जातो. सध्या सायखेड्याला आहे. काकूंनी मात्र दिवाळीच्या आधीच काम सोडलं आणि इगतपुरीला भावाकडे राहायला गेल्या. फोन केला तर पावसाचं बोलतात, भाताचं बोलतात. आतल्या खोलीतला पंखा मी अजून लावत नाही. कितीही उकडलं तरी मुलांना बाहेरच्या खोलीत बसवते.

भोपळ्याच्या त्या दिवशी पांढरा हेडसेट खोक्यात भरून झाल्यावर काकू खोलीबाहेर निघाल्या. दाराशी थांबल्या, पदर सारखा केला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून हळूच म्हणाल्या, "या आता." आपल्याकडे निघणाऱ्या माणसाला कोणी 'जा' म्हणत नाही. मग एका हाताने दार उघडं धरून, कोणीतरी बाहेर पडेपर्यंत थांबावं, तशा त्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या.