पाठकोऱ्या कागदावरचं आमंत्रण

लिहिलेलं परत वाचणं हे स्वतःवर भरवसा नसलेल्या माणसांचं काम आहे, असं वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत माझं ठाम मत होतं. मी तिसरीपर्यंत शिकलो. (चौथीच्या मास्तरांचं आणि माझं पटलं नाही.) पण अक्षर असं, की ग्रामपंचायतीत माझा अर्ज गेला की लोक आधी अक्षराचं कौतुक करत आणि मगच अर्ज नामंजूर करत!

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. आमच्या घराण्याचं कुलसंमेलन दर वर्षी पुण्यात, अप्पाच्या घराजवळच्या हॉलात व्हायचं. अप्पा म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. त्या वर्षी मी हट्टच धरला. घराण्याचं मूळ रत्नागिरीत आणि जेवणावळी पुण्यात? यंदा मांडव माझ्या घरापुढच्या खळ्यात पडेल!

"दादा, मे महिन्यात तिथे घाम गाळायला कोण येणार?" अप्पा फोनवर हसला. "बरं, कर. पण माणसं जमली नाहीत, तर पुढे कायमचं पुणं. कबूल?"

"कबूल!" मी गरजलो. फोन ठेवला आणि कोण कोण येईल ते बोटांवर मोजू लागलो.

आमंत्रण घराण्याच्या वेबसाइटवर टाकायचं होतं. ती वेबसाइट अमेरिकेतला माझा पुतण्या बाळ्या चालवायचा. मी लिहायला बसलो. आता, आमच्या घरात पाठकोरा कागद फेकणं म्हणजे पाप. एका बाजूला लिहिलेलं असलं तरी दुसरी बाजू कोरी आहे ना? मग झालं तर! लग्नपत्रिकांच्या पाठींवर आम्ही किराण्याच्या याद्या करत आयुष्य काढलं. तेव्हा फळीवरचा एक पाठकोरा कागद ओढला आणि समुद्राची गाज, आंब्याची बाग, पूर्वजांची हाक असं सगळं एका पानात ठोकून बसवलं.

"अहो, पाठवण्याआधी एकदा वाचा तरी," आमची ही म्हणाली. (ती सातवी शिकलेली. तिला असल्या शंका येतात.)

"मी लिहिलंय गो! मी काय लिहिलंय ते मला माहीत नाही?"

तडक एसटी पकडली आणि रत्नागिरीत स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेलो. तिथे कदमबाई मराठी टाइप करून द्यायच्या. त्यांनी कागद उलटसुलट केला.

"आजोबा, मागच्या बाजूलाही लिहिलंय. ते पण घेऊ?"

मागे काय आहे ते बघावं, तर चष्मा घरी राहिलेला. पण हे बाईमाणसासमोर कबूल कसं करणार? "बाई," मी म्हटलं, "लिहिलंय ते घ्यायलाच लिहिलंय! एक अक्षर गाळू नका. आणि बाळ्यालाही कळवा, काकांनी सांगितलंय, काना-मात्रा हलवायचा नाही!"

त्यांनी छापून हातात दिलं. "एकदा नजर घाला हो." मी कागद डोळ्यांसमोर धरला, दोनदा मान डोलावली, एकदा भुवया उंचावल्या आणि म्हटलं, "उत्तम!" (मला दिसत होत्या त्या फक्त काळ्या मुंग्या.)

दोन दिवसांनी फोन सुरू झाले. पहिला अप्पाचा.

"दादा, म्हशीला सांगून ठेवलंस का रे?" एवढंच बोलून त्याने फोन आपटला.

मी हिला म्हटलं, "बघितलंस लेखणीचा जोर? पुण्याचा माणूस म्हशीची चौकशी करायला लागला!"

मग डोंबिवलीची विमल, माझी चुलतबहीण. "दादा, फणस तयार आहेत ना? चिकाचे भरपूर ठेव हो!" तिच्या आवाजात जरा धार होती, पण म्हटलं, उत्साह असेल. संध्याकाळी ठाण्याचे जावई. "बाबा, रायवळ आंबे नक्की कितव्या दिवसापासून?"

मी खूश! पण हिचा चेहरा उतरत चालला होता. ती उठली, फळी चाचपली आणि मटकन खालीच बसली.

"अहो, आपली पाहुण्यांची यादी कुठाय?"

आठवडाभरापूर्वी आम्ही दोघांनी बसून, कोणाची काय व्यवस्था करायची त्याचं खासगी टिपण केलं होतं. माझ्याच सुंदर अक्षरात. ते आता अमेरिकेपर्यंत सगळं घराणं वाचत होतं:

"अप्पा – भयंकर घोरतो. गोठ्याला लागून खोली द्यावी. म्हशीला आधी सांगून ठेवावं.

विमल – प्रत्येक पदार्थाला नावं ठेवते. आल्या आल्या फणस चिरायला बसवावं. हात चिकाने बरबटले की तोंड आपोआप बंद.

जावई – पहिले दोन दिवस हापूस. तिसऱ्या दिवसापासून साधे रायवळ, म्हणजे चौथ्या दिवशी निघतात.

बाळ्या – बाटलीतलं पाणी मागेल. विहिरीचंच भरून द्यावं. कळत नाही."

मी बाळ्याला फोन लावला. "मेल्या, तू वाचलं नाहीस?"

"वाचलं ना, काका. दोनदा. पण तुमचा निरोप होता, काना-मात्रा हलवायचा नाही." तो गदगदून हसत होता. "आता काढून उपयोग नाही हो. सगळ्यांनी छापून घेतलंय."

झालं! पुणं जिंकलं. एवढा मांडव घातला होता, आता त्याखाली मी आणि म्हैस! संमेलनाच्या सकाळी मी खळ्यात तोंड पाडून बसलो होतो. इतक्यात फाटकाशी गाडी थांबली. अप्पा उतरला, काखेत वळकटी.

"माझी म्हैस कुठाय?"

मागून विमल. एका हातात खोबरेल तेलाची बाटली, दुसऱ्यात घरून आणलेली सुरी. "आण तुझा फणस! बघूया कोणाचं तोंड बंद होतं ते!" मग आणखी गाड्या. पुण्याला वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेली माणसंसुद्धा आली आणि "आमचं नाव यादीत का नाही?" म्हणून माझ्याशीच भांडली! बाळ्या अमेरिकेहून आला तो थेट विहिरीवर गेला आणि पोहऱ्यानेच पाणी प्यायला. विमल फणसभर बोलत राहिली. अप्पा असा घोरला, की म्हैस दुसऱ्या दिवशी धार देईना. जावयांनी बादलीभर रायवळ चोखले, "हापूसपेक्षा हेच बरे," म्हणाले आणि आठ दिवस राहिले!

निघताना अप्पाने मला मिठी मारली. "दादा, पुढच्या वर्षी इथेच. हॉलात असली मजा नाही रे."

मग वेबसाइटवर सगळ्यांचे आभार मानायचे ठरले. या खेपेला मी शहाणा झालो होतो! हिने आपणहून कागद आणून दिला. मी आभार लिहिले, चष्मा लावून तीनदा वाचले, एकदा मोठ्याने वाचले. एक चूक नाही! छाती काढून कॅफेत गेलो आणि कदमबाईंना म्हटलं, "या वेळी तपासून आणलंय. जसंच्या तसं जाऊ दे!"

दुसऱ्या दिवशी अप्पाचा फोन आला. हसून हसून त्याला बोलता येईना. मी धावत जाऊन कागद उलटा केला. पाठीमागे हिच्या अक्षरात यादीतलं राहिलेलं नाव होतं:

"हे – तिसरी शिकलेले. चष्मा लावला तरी एकच बाजू वाचतात."