खातं कोणाच्या नावावर

बबिता आडेला राग यायला फार काही लागत नसे, पण त्या दिवशी आला तो राग साधा नव्हता. साल दोन हजार सात. आर्णीला महिला बचत गटांचा संघ होता, त्यात ती हिशेब सांभाळायची. कापसाचे भाव असे कोसळलेले की व्यापारी दारात येऊन पडेल त्या भावात माल उचलत. म्हणून बायकांनी कापूस एका जागी साठवून एकदम विकायचं ठरवलं आणि संघानं गोदाम बांधलं. बायकांनीच बांधलं, बायकांनीच भरलं. आता तेच गोदाम एका व्यापाऱ्याला भाड्यानं देऊन टाकायचं घाटत होतं. त्यावर सभेत मत घेणार होते, आणि मत ज्याचं कापसाचं खातं त्याला.

तांड्यावरची सुखीबाई आपला कापूस किती जमा झाला ते विचारायला आली. संघाच्या मॅनेजरनं मान वर न करता विचारलं, "खातेदाराचं नाव?" तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. हे ठाऊक नसायला मॅनेजर काही विलायतेतून आला नव्हता.

"त्यायचं नाव मी घेत नाही," ती म्हणाली. "माहं नाव इचारा ना."

"तुमचं नाव कॉम्प्युटरमंधी नाही, बाई. घरच्या माणसाले घेऊन या."

ती पदर सावरत निघून गेली. बबितानं सगळी खाती काढून पाहिली, तर एकाही बाईचं नाव नाही. ही खाती हिशेबाचा प्रोग्रॅम पुरवणाऱ्या नागपूरच्या एका कंपनीच्या माणसानं सुरुवातीलाच भरून दिली होती, सातबाऱ्यावरच्या नावानं. बबिता नुसती खाते क्रमांकावर वजन टाकायची. आजवर मतं मोजायची वेळ आली नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. बायका उन्हातान्हात बोटं सोलून कापूस वेचणार, आणि महिलांच्या संघात मत देणार नवरे. वा रे न्याय.

तिनं कंपनीला फोन लावला. सातबाऱ्याशिवाय खातं उघडायची प्रोग्रॅममध्ये सोय नाही, असं तिकडून थंडपणे सांगितलं. मॅनेजर म्हणाला, हातानं लिहिलेली यादी ऑडिटर मानत नाही, कॉम्प्युटरचीच पाहिजे, आणि ती कंपनीच्या यादीशी किलो न् किलो जुळली पाहिजे. कापूस आमचा, कॉम्प्युटर आमचा, आणि त्यात आमचं नाव घालायला नागपूरची परवानगी. बबिताच्या अंगाचा तिळपापड झाला.

राळेगावचा राजदीप तिच्यासोबत कॉलेजात होता आणि आता यवतमाळला सायबर कॅफे चालवायचा. ती एसटीनं त्याच्याकडे गेली. तो हसला. "हिशेबाचा एक प्रोग्रॅम आहे. फुकट आहे आन् त्याचा कोड उघडा आहे, कोणीबी पाहा, बदला. पण तयार नाही भेटत, आपल्या मशीनवर आपणच बनवा लागते. पैसेच लिहा असंही नाही. कापूस किलोत लिव, चालते."

"नाव कोणाचं टाकाचं?"

"तुले वाटन त्याचं."

एवढंच तिला हवं होतं. राजदीपनं कोड सीडीवर दिला, सोबत तो ज्यावर चालतो त्या लिनक्सचीही सीडी दिली. ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता, त्याच्यावर ती बसली. काळ्या पडद्यावर एकेक हुकूम हातानं टाइप करायचा. प्रोग्रॅम बनायला लागे आणि मध्येच अमुक भाग नाही म्हणून अडून बसे. की पुन्हा एसटी, पुन्हा यवतमाळ. तो भाग आणावा, तर त्याला आणखी दुसरा कुठला भाग हवा असे. सगळं जमून आलं की लोडशेडिंग. शहरांत दिवे झगझगत होते आणि इथं दिवसाढवळ्या तासन् तास वीज गुल, जणू आर्णीला काही कामधंदाच नाही. बरं एवढंच की वीज आली की बनवणं सोडलं तिथून पुढे चालू व्हायचं.

मॅनेजर येता जाता म्हणायचा, "काय करून राह्यली बाई? फुकटचं कुठं टिकते का?"

"बनून राह्यलं," एवढंच ती म्हणे.

प्रोग्रॅम बनला, पण नावं कुठून आणायची? वजनाच्या चिठ्ठ्यांवर काटेवाल्यानं लिहिलेलं: फुलसिंगच्या घरचे, रामधनची बायको. मग ती तांड्यातांड्यावर हिंडली आणि प्रत्येक दारात तिनं विचारलं, तुझं नाव काय. काही जणी लाजल्या. जमनी म्हणाली, लग्नानंतर हे कोणी विचारलंच नाही. हे ऐकून बबिताला कंपनीचा नव्हे, सगळ्या मुलखाचा राग आला.

नोंद एका बाजूला बाईच्या नावे आणि दुसऱ्या बाजूला गोदामात. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की प्रोग्रॅम नोंद घेतच नसे. सभेच्या आधी बेरीज आली, ती कंपनीच्या बेरजेशी तंतोतंत जुळली. फरक फक्त नावांचा.

सभेत पुरुष पुढे सतरंजीवर, बायका मागे. मॅनेजर आपली यादी उघडणार, तोच बबिता उठली आणि तिनं दोन्ही बेरजा वाचून दाखवल्या. "कापूस तेवढाच आहे," ती म्हणाली. "वेचणारीचं नाव घातलं, बस."

मॅनेजर म्हणाला, "पण सातबारा?"

संघाच्या अध्यक्ष विमलताई शांतपणे म्हणाल्या, "सातबारा वावराचा हाय, साहेब. गोदामात कापूस हाय." आणि त्यांनी बबिताची यादी हातात घेतली. "ज्यायले गोदाम व्यापाऱ्याले द्याचं, त्यायनं हात वर करा."

पुढच्या रांगेतून सुखीबाईच्या नवऱ्यानं, फुलसिंगनं, सवयीनं हात वर केला. विमलताईंनी यादीवरून बोट फिरवलं.

"भाऊ, हात खाली घ्या. तुमचं खातं नाही."

फुलसिंगनं मागे वळून सुखीबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. देऊ नये म्हणणाऱ्यांचे हात मागितले, तेव्हा तिनं हात वर केला, आणि तो मोजला गेला.